मार्चमधली थंडी: श्रीनगर, शिमला की दार्जिलिंग?

फेब्रुवारी सरत आला की काजूला बोंडू धरतात, दुपारी अंगणातल्या लाद्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि आमच्या फोंड्यात घरोघरी एकच विषय निघतो: चार दिवस कुठेतरी थंडीत जाऊन येऊ या. यंदा तो म्हापशाच्या माझ्या मावसबहिणीने काढला. तिच्यासोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असतील, नवरा असेल आणि आठवीतला मुलगा. २०२५ पासून गोव्यात मोठ्या वर्गांचं शालेय वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलं. त्यामुळे मे महिन्याच्या गर्दीत जायचं नसेल, तर परीक्षा आणि नवा वर्ग यांच्यामधली मार्चची फट तेवढी हाती उरते. तिच्या वहीत तीन नावं होती: श्रीनगर, शिमला, दार्जिलिंग. ‘ताई, तू तिन्हीकडे मार्चमध्येच गेलीस ना? मग आम्ही कुठे जायचं ते तूच सांग.’

फोनवर अर्धा तास बोलले, तरी सांगायचं पुष्कळ राहिलं. तिच्यासारखे विचारणारे आणखीही असतील, म्हणून सविस्तर लिहिते. मी या तिन्ही शहरांत वेगवेगळ्या वर्षी गेले आणि प्रत्येक वेळी आई सोबत होती. तेव्हा इथलं मत म्हाताऱ्या माणसाच्या चालीने फिरलेल्या बाईचं आहे. पाठीवर बॅग टाकून एकट्याने हिंडणाऱ्याला काही गोष्टी वेगळ्या वाटतील.

पारा तिन्हीकडे सारखाच

बहुतेक जण आधी मोबाइलवर तापमान बघतात. ते बघून ही निवड होत नाही. मार्चमध्ये श्रीनगरला दिवसाचं कमाल तापमान सरासरी १४-१५ अंश असतं. शिमल्याला जवळपास तेवढंच. दार्जिलिंगलाही तेवढंच. फरक पडतो तो रात्री. श्रीनगर ४ अंशांपर्यंत उतरतं, शिमला आणि दार्जिलिंग ७-८ च्या आसपास थांबतात. म्हणजे कागदावर श्रीनगर सगळ्यांत गार. तरीही आईला तिन्ही सहलींत सगळ्यांत कमी थंडी वाजली ती श्रीनगरलाच.

याचं कारण मला खोबरेलाच्या बाटलीने दाखवलं. आई कुठेही गेली तरी डोक्याला लावायला घरचं खोबरेल सोबत नेते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. गोव्यात मार्चमध्ये पहाटेचा पाराही २३ च्या आसपास असतो आणि दिवस चढला की बत्तिशी गाठतो, त्यामुळे बाटलीतलं तेल पाण्यासारखं पातळ. शिमल्यात आम्ही तीन रात्री राहिलो. त्या तीन दिवसांत ते तेल एकदाही वितळलं नाही. पांढरा दगड झाला होता, आणि आई रोज सकाळी बाटली गरम पाण्याच्या मगात उभी करून ठेवायची. दार्जिलिंगला रात्री तसाच दगड व्हायचा, पण खोलीची एक खिडकी पूर्वेला होती, म्हणून दहा वाजेपर्यंत काचेतून आलेल्या उन्हात बाटलीच्या कडा सुटायच्या. श्रीनगरला हाउसबोटीच्या दिवाणखान्यात बुखारी होती, म्हणजे लाकडावर चालणारी, नळकांड्याने धूर बाहेर सोडणारी शेगडी. संध्याकाळी ती पेटली की तासाभरात तेल पातळ. पहाटे पुन्हा घट्ट.

आपण थंडीला घाबरतो ती बाहेरच्या. बाहेर मात्र आपण चालत असतो, ऊन असतं, अंगावर स्वेटर असतो. गोव्याच्या माणसाला थंडी खरी गाठते ती खोलीत: लादी गार, गादी गार, पांघरूण दमट आणि बाथरूममध्ये जायचं जिवावर आलेलं. काश्मीरने हजार हिवाळे काढले आहेत. तिथे २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो, चाळीस दिवसांचा कडाका. मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्छा. मार्च लागतो तेव्हा ही सत्तर दिवसांची थंडी नुकतीच सरलेली असते आणि घरातली सगळी तयारी अजून जागेवर असते: बुखारी, गादीखालचं इलेक्ट्रिक ब्लँकेट, फिरनच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या आत धरायची कांगडी, निखाऱ्यांची छोटी शेगडी. शिमला आणि दार्जिलिंगची मध्यम भाड्याची हॉटेलं प्रामुख्याने मे-जूनमध्ये उकाड्याला कंटाळून येणाऱ्या पाहुण्यांवर चालतात. तिथे मार्चमध्ये खोली उबदार ठेवणं हा पुष्कळदा जादा पैशांचा विषय होतो.

शिमल्यातल्या ज्या हॉटेलात आम्ही उतरलो, तिथे फोनवर ‘हीटर मिळेल’ असं सांगितलं होतं. गेल्यावर कळलं की हीटरचे रोजचे पैसे वेगळे, आणि रात्री अकरानंतर तो लावायचा नाही, कारण वायरिंगला भार झेपत नाही. आई रात्रभर शाल, स्वेटर आणि माझं जॅकेट अंगावर घेऊन झोपली. हे आठवलं की आजही मला वाईट वाटतं. मी आधी नीट विचारायला हवं होतं.

पहिला आठवडा की शेवटचा?

दुसरा प्रश्न तारखेचा. मार्चच्या १ तारखेला आणि ३० तारखेला या शहरांत दोन वेगळे ऋतू असतात. आपल्याकडे मार्च म्हणजे सगळा सारखाच उकाडा, त्यामुळे हा फरक आपल्या लक्षात येत नाही.

श्रीनगरचा वसंत महिन्याच्या मध्यावर सुरू होतो. आधी फुलतो तो बदाम. हारी पर्वताच्या पायथ्याशी बादामवारी नावाची जुनी बाग आहे. तिथे पान फुटायच्या आधीच झाडं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जातात. त्यानंतर झबरवान डोंगराच्या उतारावरची ट्यूलिपची बाग उघडते. ती सुमारे ३० हेक्टरांची आहे आणि पंधरा लाखांहून अधिक कंद लावलेले असतात. उघडण्याची तारीख दर वर्षी हवामान बघून ठरते: २०२३ ला १९ मार्च, २०२४ ला २३ मार्च, २०२५ ला २६ मार्च. बाग जेमतेम महिनाभर चालते. म्हणजे १० मार्चला श्रीनगरला पोचलात तर चिनार नागडे, बागा तपकिरी आणि आभाळ करडं असेल. तेही सुंदर आहे, पण मुलाला आणि सासूबाईंना फुलं दाखवायचं कबूल करून नेलं असेल तर त्यांची निराशा होईल.

दार्जिलिंगचं गणित याच्या उलट आहे. तिथे मार्चचा पहिला आठवडा शेवटच्या आठवड्यापेक्षा चांगला. पाऊस फारसा नसतो, पण महिना पुढे सरकतो तशी खालच्या मैदानातली धूळ आणि धूसरपणा वर चढतो, आणि ज्या कांचनजंगासाठी लोक जातात ती दिवसेंदिवस दिसेनाशी होते. शिवाय मार्चच्या सुरुवातीला चहाच्या मळ्यांत वर्षातली पहिली खुडणी चालू होते.

शिमल्याला १५ मार्चनंतर जावं. तेव्हा देवदारांच्या मधून बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, लाल फुलायला लागतो. त्या फुलांचं सरबतही करतात. मार्चच्या सुरुवातीला गेलात तर बर्फ धड मिळत नाही आणि वसंतही धड आलेला नसतो. कधी गारा पडतात, कधी नुसतीच चिखलाची सर.

आपला शिगमो, म्हणजे गोव्याचा शिमगा, कधी येतो तेही आधी पंचांगात बघून घ्या. गावच्या रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या नाचत-वाजत जाणाऱ्या मिरवणुकीत, ज्यांच्या खांद्याला ढोल असतो त्या घरातल्या पुरुषांना त्या आठवड्यात बाहेर काढू नये.

श्रीनगर

आम्ही २०२४ ला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. शहराची उंची सुमारे १,५८५ मीटर, म्हणजे तिघांत सगळ्यांत कमी, आणि मुख्य म्हणजे शहर सपाट आहे. दल सरोवराच्या काठचा बुलेव्हार्ड रस्ता आई स्वतः चालली. निशात, शालिमार आणि चश्मेशाही या मुघल बागा पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत, पण पहिल्या टप्प्यावर बसूनही पाणी, डोंगर आणि वरचा बर्फ दिसतो. शालिमार बाग जहांगीरने १६१९ ला बांधली. मार्चअखेर तिथल्या चिनारांना पानं नसतात, त्यामुळे सावली नसते, आणि त्या दिवसांत सावली कोणाला नकोच असते.

ट्यूलिपपेक्षाही मला जुनं शहर जास्त भावलं. नौहट्ट्यातली जामा मशीद चौदाव्या शतकाच्या शेवटी सुलतान सिकंदरने बांधायला घेतली. आगीत ती एकाहून अधिक वेळा जळली आणि पुन्हा उभी राहिली. आत देवदाराचे ३७८ खांब आहेत, एकेक अख्ख्या झाडाचा. आईने एका खांबाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. आमच्या गावच्या देवळाचा जुना लाकडी सभामंडप पाडून सिमेंटचा केला, तेव्हापासून लाकडाचे खांब दिसले की ती अशीच थांबते.

सकाळी मात्र तिला अगदी घरच्यासारखं वाटलं. काश्मीरमध्ये प्रत्येक मोहल्ल्यात एक कांदूर असतो, म्हणजे तंदूरवाला बेकर. पहाटे लोक त्याच्या दारात उभे राहतात आणि गरम गिर्दा नाहीतर लवासा फडक्यात गुंडाळून घरी नेतात. आपल्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत उंडे आणि पोळे हे पाव दारी आणतो, इथे घरातलं माणूस त्याच्या दारी जातं, एवढाच फरक. पहिल्याच दिवशी आईने गरम गिर्दा दोन्ही हातांत धरला, आधी हात शेकले आणि मग खाल्ला. सोबत गुलाबी मिठाचा चहा होता, नून चाय. तो तिला आवडला नाही. कहवा आवडला. मासे खाणाऱ्यांनी ट्राउट जरूर मागवावा. शाकाहारी माणसाला नद्रू, म्हणजे कमळकाकडीची दह्यातली यखनी, दोन दिवस सहज पुरते. हरिसा हा मटणाचा पहाटेचा पदार्थ हिवाळ्यातला. मार्च उलटला की तो मिळणं कमी होत जातं.

आठवीतल्या मुलाला बर्फ हवाच असेल तर गुलमर्ग साधारण ५० किलोमीटरवर आहे आणि मार्चमध्ये तिथे भरपूर बर्फ असतो. तिथला गंडोला, म्हणजे रोपवे, दोन टप्प्यांत जातो. दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेतो. सासूबाईंना तिथे नेऊ नका. त्यांनी खाली गुलमर्गातच थांबावं.

आता श्रीनगरच्या अडचणी. मार्च हा तिथल्या सर्वांत पावसाळी महिन्यांपैकी एक आहे. आमच्या पाच दिवसांपैकी दोन दिवस पाऊस होता आणि एक अख्खी दुपार आम्ही बोटीत बसून काढली. पाऊस जोराचा असेल तर विमानांना उशीर होतो, आणि जम्मूहून येणाऱ्या महामार्गावर रामबनच्या बाजूला दरडी कोसळतात. परतीच्या विमानाला लागूनच दिल्लीहून गोव्याचं विमान घेऊ नका, मध्ये एक रात्र ठेवा. श्रीनगर विमानतळावर तपासणीचे टप्पे जास्त आहेत, तीन तास आधी पोचावं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. घरातल्या एकाकडे तरी ते असू द्या.

आणि सुरक्षेचं. आम्ही गेलो त्यानंतर वर्षभराने, २२ एप्रिल २०२५ ला, पहलगामजवळ बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली. नंतर खोऱ्यातली अनेक ठिकाणं बंद केली आणि मग टप्प्याटप्प्याने उघडली. ज्या लोकांनी आम्हाला शेजाऱ्यासारखं वागवलं त्यांची रोजीरोटी त्या दिवसाने हिरावली, आणि ज्यांची माणसं गेली त्यांचं दुःख तर सांगताच येत नाही. मी कोणाला ‘बिनधास्त जा’ असं म्हणणार नाही आणि ‘जाऊ नका’ असंही म्हणणार नाही. रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा आणि निघायच्या आठवड्यात परिस्थिती बघा. घरातल्या एखाद्या माणसाच्या मनात धास्ती असेल तर त्याला ओढून नेऊ नका. धास्तावलेलं माणूस बागेत बसूनही दमतं.

शिमला

शिमल्याची सगळ्यांत मोठी सोय प्रवासाची आहे. मडगावहून चंडीगडला थेट गोवा संपर्क क्रांती जाते. चंडीगडहून कालका हाकेच्या अंतरावर, आणि कालक्याहून १९०३ ला सुरू झालेली छोटी गाडी. ९६ किलोमीटर, १०२ बोगदे, पाच तासांच्या वर वेळ. २००८ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. सर्वांत लांब बोगदा बरोगचा, १,१४३ मीटरचा. तो संपला की गाडी बरोग स्टेशनवर थांबते आणि तिथे थंडीचा पहिला श्वास मिळतो. आम्ही दार उघडलं आणि देवदाराचा वास आत आला. डब्यातली सगळी माणसं एकदम गप्प झाली. तिन्ही सहलींतला एकच क्षण निवडायचा झाला तर मी हा निवडेन.

पण गाडीतून उतरल्यावर शिमला म्हणजे चढ आणि उतार. मॉल रोडवर वाहनं जात नाहीत. खालच्या कार्ट रोडवरून वर यायला लिफ्ट आहे, पण लिफ्टपासून हॉटेलपर्यंत पुन्हा चढ, आणि मार्चमध्ये पाऊस झाला की दगडी पायऱ्या ओल्या. आईचे गुडघे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुजले. रिज, १८५७ ला पूर्ण झालेलं ख्राइस्ट चर्च, १८८७ चं गेटी थिएटर हे सगळं एका पट्ट्यात आहे आणि एकदा वर पोचलात की छान. १८८८ चं व्हाइसरॉयचं निवासस्थान, जिथे आज उच्च अध्ययन संस्था आहे, तेही बघण्यासारखं. जाखूच्या हनुमानाला रोपवेने जाता येतं. तिथली माकडं चष्मा पळवतात, तो आधीच खिशात ठेवा.

तरुण जोडप्याला किंवा रेल्वेवर प्रेम असलेल्या मुलाला शिमला आवडेल, आणि खर्चही तिघांत कमी येतो. म्हातारं माणूस सोबत असेल तर मार्चमध्ये नको.

दार्जिलिंग

दार्जिलिंगही डोंगरावरच आहे, २,००० मीटरच्या थोडं वर. तरी तिथे गुडघ्यांना एक आसरा मिळतो, तो म्हणजे चौरस्ता, गावातला मोकळा चौक. हॉटेल चौरस्त्याजवळ घेतलंत तर ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालणारा मॉल रोड जवळजवळ सपाट आहे. आई तो रोज सकाळी एकटीने चालायची, वाटेत बाकावर बसायची. टेकडीवर महाकालाचं देऊळ आहे. तिथे हिंदू पुजारी आणि बौद्ध लामा एकाच ठिकाणी पूजा करतात. फोंड्याच्या बाजूला हिंदू आणि ख्रिस्ती एकाच देवीला नवस बोलतात हे बघत वाढलेल्या आईला त्यात काही नवल वाटलं नाही. तिने दोघांनाही नमस्कार केला आणि प्रसाद पदराला बांधून घेतला.

हॉटेल स्टँडजवळ किंवा खाली बाजारात घेतलं तर मात्र शिमल्यासारखीच दमछाक. दार्जिलिंगमध्ये खोलीची जागा हीच निम्मी सहल, हे मी सगळ्यांना सांगते.

कांचनजंगा ८,५८६ मीटरचं शिखर आहे आणि ते दिसेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात चार सकाळी तिथे होतो. पहिल्या दोन सकाळी नुसता पांढरा पडदा. तिसऱ्या दिवशी पहाटे पाच-सव्वापाचला आईनेच मला उठवलं. उत्तरेच्या खिडकीबाहेर बघितलं तर काहीच दिसेना. मग लक्षात आलं की मी खाली बघत होते. शिखर माझ्या नजरेच्या कितीतरी वर, जिथे मी ढग समजत होते तिथे होतं, आधी राखाडी, मग टोकाला एक तांबूस ठिपका. तो ठिपका खाली पसरत गेला. पाव तास ते तसं होतं. मग धुकं आलं आणि पुन्हा काही दिसलं नाही. टायगर हिल २,५९० मीटर उंच आणि शहरापासून ११ किलोमीटरवर आहे, पण त्यासाठी पहाटे चारला जीपने निघावं लागतं. सासूबाई सोबत असतील तर उत्तरेकडे खिडकी असलेली खोली घ्या आणि पहाटेची ती दगदग टाळा.

इथे एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. दार्जिलिंग आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य गोव्यापेक्षा सुमारे तासभर आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. मार्चच्या मध्यावर पावणेसहाला अंधारायला लागतं, आठपर्यंत बहुतेक दुकानं बंद. आपल्याकडे त्या वेळी माणसं शतपावलीला बाहेर पडतात. जे लवकर निजतात आणि लवकर उठतात त्यांना हे शहर मानवतं. आईला मानवलं. संध्याकाळी फिरायची सवय असलेल्या तरुणांना तिथली रात्र लांब वाटेल. श्रीनगरला सूर्य जवळपास आपल्याच वेळेला उगवतो-मावळतो.

पहिल्या खुडणीचा चहा हे मार्चमध्ये दार्जिलिंगला जाण्याचं माझ्या मते सगळ्यांत भक्कम कारण. डिसेंबरपासून झुडपं झोपलेली असतात. हिवाळा सरताना जी कोवळी पालवी येते तिचा हा चहा. रंगाला फिका, जवळजवळ पेंढ्यासारखा, आणि त्यात दूध घालायचं नसतं. आपल्याला आल्याचा, दुधाचा, दाट चहा लागतो, त्यामुळे पहिला घोट पाण्यासारखा वाटला. तिसऱ्या घोटाला जिभेच्या मागे ओल्या गवतासारखा आणि थोडा फुलांचा वास राहिला. घरी मी पाव किलो आणला आणि पावसाळ्यापर्यंत पुरवला. बाजारात सुटा चहा घेण्यापेक्षा मळ्याच्या किंवा जुन्या चहाविक्रेत्याच्या दुकानात चाखून घ्यावा.

छोटी गाडी इथेही आहे आणि शिमल्याच्या गाडीपेक्षा जुनी: १८८१ ला ती दार्जिलिंगपर्यंत पोचली आणि १९९९ ला जागतिक वारशाच्या यादीत गेली. न्यू जलपायगुडीपासून पूर्ण प्रवास ८८ किलोमीटरचा आणि फार हळू. त्यापेक्षा दार्जिलिंग ते घूम असा वाफेच्या इंजिनाचा फेरा पुरे. घूम २,२५८ मीटरवर, भारतातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन. वाटेत बतासिया लूप, जिथे रूळ गोल वळसा घेतात. गाडी दुकानांच्या इतक्या जवळून जाते की हात बाहेर काढला तर पालेभाजीची जुडी हाताला लागेल. प्राणिसंग्रहालयात लाल पांडा आहेत. ते गुरुवारी बंद असतं, म्हणून गुरुवारी गाडीचा फेरा ठेवा.

अडचण पोचण्याची. गोव्याहून बागडोगऱ्याला जायला बहुतेक वेळा मध्ये विमान बदलावं लागतं, आणि बागडोगऱ्याहून वर तीन तासांचा वळणांचा रस्ता. आईला दोनदा ओकारी झाली. रेल्वेने वास्कोहून बंगालपर्यंत जाता येतं, पण कोलकात्याला गाडी बदलून पुढे उत्तरेला आणखी एक रात्र. आठवड्याच्या सहलीत ते बसत नाही.

लिस्बनचं काय?

गोव्यात हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, कारण तिथे कोणाचा ना कोणाचा नातेवाईक असतो. मार्चमध्ये लिस्बनला दिवसा १८ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे या तिन्हींपेक्षा उबदार. पण तिथल्या जुन्या घरांत सगळं घर तापवायची सोय सहसा नसते, त्यामुळे खोबरेलाची बाटली तिथेही दगडच राहील. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो झालं आहे. नातेवाइकांना भेटायला जाणं वेगळं. नुसती थंडी हवी म्हणून सात दिवसांसाठी सासूबाईंना एवढा प्रवास घडवू नये.

कपड्यांबद्दल थोडंसं

गोव्यातून जाणारे सगळे एक जाड जॅकेट घेतात आणि आत सुती बनियन. त्यापेक्षा आत अंगाला चिकटणारं थर्मल, वर पातळ लोकरीचं आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं, असे तीन थर घ्या. दिवसा एक काढता येतो. आपण घरात अनवाणी वावरतो, त्या सवयीने खोलीतल्या गार लादीवर पाय टाकला की थंडी तिथूनच वर चढते. खोलीत घालायला लोकरीचे मोजे आणि बंद सपाता प्रत्येकाच्या वेगळ्या हव्यात. कोरड्या हवेची सवय नसल्याने ओठ आणि टाचा दुसऱ्या दिवशी फुटतात.

मग बहिणीने काय करावं? तिच्या नवऱ्याला रजा २३ मार्चनंतर मिळत असेल आणि घरात सगळ्यांची मनापासून तयारी असेल, तर श्रीनगर. सपाट शहर, उबदार खोली, फुलं, आणि मुलाला गुलमर्गचा बर्फ. रजा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच असेल तर मुलाची परीक्षा आधी संपते का ते बघावं आणि दार्जिलिंगला जावं, पण चौरस्त्याजवळ खोली मिळाली तरच. शिमला पुढे कधीतरी, मुलगा मोठा झाल्यावर, त्याने मित्रांबरोबर मडगावहून गाडी पकडावी.

मी तिला एकच काम दिलं. बुकिंग करायच्या आधी स्वतः फोन करायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या: खोली कशावर तापते, ती रात्री किती वाजेपर्यंत तापते, आणि लाइट गेली तर काय. तिने श्रीनगरला दोन ठिकाणी फोन केले. पहिल्याने ‘सब मिलेगा’ म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने तिलाच उलट विचारलं, ‘साथ में कोई बुज़ुर्ग हैं?’ हो म्हटल्यावर तो म्हणाला की मग वरची खोली घेऊ नका. तिथून सरोवर छान दिसतं, पण बुखारी खाली आहे. खालची खोली घ्या, तिची भिंत बुखारीला लागून आहे, आणि लाकडावर चालते म्हणून लाइट गेली तरी अडत नाही.

तिने खालची खोली घेतली. सासूबाईंना मी निरोप दिलाय की खोबरेल बाटलीतून न नेता रुंद तोंडाच्या डबीतून न्या, म्हणजे पहाटे घट्ट झालं तरी बोटाने काढता येईल.